जगाच्या इतिहासातील वळणाची तारीख: कापूस पिकवणाऱ्या गावातील मुलांपुढे कोणती मांडावी?

प्रश्न | वाचनालय, खामगाव तालुका

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पंधरा-वीस मुले-मुली रोज बसतात. २९ मे १४५३ रोजी कॉन्स्टँटिनोपल पडले, १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयच्या तुरुंगावर हल्ला झाला, २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे. परंतु त्या दिवसानंतर कोणाच्या जगण्यात काय पालटले, असे विचारले की सगळे गप्प होतात. येत्या रविवारी मी त्यांच्याशी एकाच तारखेवर तासभर बोलणार आहे. ज्या परदेशी घटनेचे पडसाद आपल्या शिवारापर्यंत पोहोचले, अशी कोणती तारीख घ्यावी?

उत्तर १ | पऱ्हाटी, यवतमाळ जिल्हा

ताई, १२ एप्रिल १८६१ ही तारीख घ्यावी. त्या पहाटे दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांमधील यादवी युद्ध सुरू झाले. आठवडाभरातच अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या तोवर आपल्या गरजेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून आणत असत. तो आटल्यावर गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार उपासमारीला लागले आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचा भाव तीन वर्षांत सुमारे चौपट झाला. वऱ्हाडातील आखूड धाग्याचा कापूस, ज्याला एरवी तेथे कमी प्रतीचा मानत, तोही हातोहात खपू लागला.

एक गोष्ट मात्र मुलांना अवश्य सांगावी. अमेरिकेतील तो स्वस्त कापूस गुलामांच्या श्रमावर उभा होता. या युद्धाच्या शेवटी, डिसेंबर १८६५ मधील घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायमची रद्द झाली. युद्धापूर्वी तेथे सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. आपल्याकडची तेजी आणि त्या माणसांची मुक्तता या दोन्ही गोष्टी एकाच युद्धातून आल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उत्तर २ | निवृत्त शिक्षक, वाशीम जिल्हा

तेजीची तारीख सांगितली, तर मंदीचीही सांगावी लागेल. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी तारीख ९ एप्रिल १८६५ ही आहे. त्या दिवशी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेकडील राज्यांचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. अमेरिकन कापूस पुन्हा येणार हे उघड होताच भाव कोसळले, मुंबईत शेअर आणि समुद्रात भराव घालून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांचा फुगा त्याच वर्षी फुटला आणि नामांकित सट्टेवाले धुळीस मिळाले. व्यापारी बुडतो तेव्हा त्याची नोंद राहते. चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून कर्ज काढलेल्या कुणब्याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यामागील कारणांत ही घसरणही होती. ते दंगे वऱ्हाडात झालेले नाहीत, म्हणून दोन्ही प्रदेशांची गल्लत होऊ देऊ नये. तरीही पीक आपले आणि भाव परक्याच्या हाती, हे दुखणे आपल्या घरांत आजही ओळखीचे आहे.

उत्तर ३ | जलंब फाटा

दोन्ही तारखांविषयी आदर राखून एक शंका मांडतो. भाव उतरूनही वऱ्हाडातील कापसाखालील जमीन पुढे वाढतच गेली, ती का? युद्ध चालू असताना नागपूरपर्यंत रूळच नव्हते; गाडी तेथे १८६७ साली पोहोचली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपली. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव हा रेल्वे फाटा सुरू केला, आणि तो मुख्यतः कापसासाठीच होता. युद्धाने मागणी दाखवून दिली. ती टिकवली रुळांनी आणि कालव्याने.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. मी १२ एप्रिल १८६१ पासून आरंभ करीन आणि १८६५ ची शरणागती फळ्यावर त्याच ओळीत लिहीन. तास मात्र वाचनालयात न घेता खामगावच्या स्थानकावर घेण्याचे ठरवले आहे, कारण यांतील बहुतेक मुलांनी तो फाटा रोज पाहिला आहे आणि तो कशासाठी बांधला गेला हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही.