मदत हवी आहे: महायुद्धांवरचे माहितीपट कसे निवडायचे? (अकरावी-बारावीसाठी)

बोरीकाठ

नमस्कार मंडळी,

कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांना दोन्ही महायुद्धं माहितीपटांतून दाखवायची आहेत. गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात. दर शनिवारी दीड तास मिळतो. हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, साठेक मुलं बसतील. नेटचा भरवसा नाही, लाइटचा त्याहून नाही. मुलांना इंग्रजी वाचून कळतं, ऐकून कमी कळतं.

यूट्यूबवर शोधलं की ढीगभर व्हिडिओ येतात. त्यातलं विश्वासाचं कुठलं, आणि ते कशावरून ठरवायचं? शिवाय 17 सप्टेंबरच्या आठवड्यात हैदराबादच्या पोलीस कारवाईवर काही दाखवावं असं प्राचार्यांचं म्हणणं आहे. जाणकारांनी सांगावं.

मांजरा

सर, नावं नंतर. आधी पारख कशी करायची ते लिहितो.

सुरुवात शेवटापासून करा. श्रेयनामावलीत जुनी दृश्यं कुठून घेतली ते असायला हवं: लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम, अमेरिकेचं नॅशनल अर्काइव्ह्ज, जर्मनीचं बुंडेसआर्किव्ह, ब्रिटिश पाथे वगैरे. संग्रहाचं नाव नाही, इतिहास सल्लागाराचंही नाही, तर तो व्हिडिओ तिथेच सोडा. हल्ली संगणकाने बनवलेली चित्रं घालून व्हिडिओ काढतात, ते इथेच सापडतात. गणवेशावरची बिल्ले-अक्षरं धड वाचता येतात का तेही बघा.

मग आवाज पूर्ण बंद करून पाच मिनिटं नुसती दृश्यं बघा. 'मे 1940, फ्रान्स' असं चाललंय आणि पडद्यावर टायगर रणगाडा दिसला, तर ते दृश्य फ्रान्सच्या त्या लढाईचं नाहीच. टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला ऑगस्ट 1942 च्या अखेरीस, लेनिनग्राडच्या आघाडीवर. पँथर तर त्याहून उशिरा, जुलै 1943 मध्ये कुर्स्कला. संपादकाला दणकेबाज दृश्य हवं असतं, साल कुठलं याचं त्याला सोयरसुतक नसतं. जो रणगाड्याच्या बाबतीत इतका ढिला आहे तो मृतांचे आकडेही तपासत नाही, असं धरून चाला.

कॅमेरा कुठे उभा आहे हे मुलांनाही विचारा. सैनिक समोरून धावत येताहेत, म्हणजे कॅमेरावाला शत्रूकडे पाठ करून मोकळ्यात उभा आहे. गोळीबार चालू असताना हे होत नाही. ते दृश्य सरावाचं असतं किंवा नंतर घडवून आणलेलं. स्टालिनग्राडला वेढा पूर्ण झाल्यावर दोन सोव्हिएत सैन्यं एकमेकांना भेटतात ते नोव्हेंबर 1942 चं प्रसिद्ध दृश्य असंच नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून घेतलेलं आहे.

याचा सगळ्यात चांगला धडा पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवरच्या 'द बॅटल ऑफ द सोम' (1916) या ब्रिटिश चित्रपटात मिळतो. त्यात हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग उडतो ते दृश्य खरं आहे, 1 जुलै 1916, सकाळी 7:20. आणि त्याच चित्रपटात सैनिक खंदकातून वर चढून धुक्यात जातात, दोघं कोसळतात, ते दृश्य आघाडीच्या मागे सरावाच्या जागी घेतलेलं. नीट बघितलं की कळतं: खंदक उथळ आहे, पाठीवर पूर्ण सामान नाही, आणि कॅमेरा अगदी उघड्यावर आहे. हेच दृश्य पुढे कितीतरी माहितीपटांत 'सोमचा हल्ला' म्हणून बिनदिक्कत वापरलंय. जो माहितीपट ते वापरताना 'हे घडवलेलं आहे' असं सांगतो, त्यावर माझा विश्वास बसतो.

आता आवाज चालू करा. त्या काळी रणांगणावर घेतलेली बहुतेक फिल्म मुकी आहे, तोफांचे आवाज नंतर स्टुडिओत घातलेले. घालायला हरकत नाही, फक्त त्याला पुरावा मानू नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. किलोमीटरभर लांबचा स्फोट दिसताक्षणी ऐकू आला तर आवाज चिकटवलेला आहे, खरा तीन सेकंदांनी आला असता.

पहिल्या महायुद्धातली माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर प्रत खराब आहे. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण 16 फ्रेम घेतल्या जात. त्या 24 ने चालवल्या की हालचाल दीडपट होते. मुलं हसतात आणि मरणाचं दृश्य वाया जातं.

गोदातीर

मांजरा यांनी दृश्यांचं सांगितलं, मी आकड्यांचं आणि सालाचं सांगतो. माहितीपट कुठल्या साली केला हे आधी बघा, कारण त्या सालापर्यंत जे उघड झालं नव्हतं ते त्यात नसणारच.

दोन ठिकाणं तपासायची. एक काटिनचं हत्याकांड: 1940 मध्ये सुमारे 22,000 पोलिश कैदी सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारले, पण मॉस्कोने ते कबूल केलं 1990 मध्ये. त्याआधीचे सोव्हिएत माहितीपट दोष जर्मनांवर टाकतात. दुसरं ड्रेस्डेन: फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बफेकीत लाखाच्या वर माणसं मेली असं जुन्या निवेदनांत ऐकू येतं. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने 2010 मध्ये कमाल 25,000 हा आकडा दिला. नव्या माहितीपटातही जुनाच आकडा असेल तर लेखकाने वाचन केलेलं नाही.

आता नावं. दुसऱ्या महायुद्धासाठी 'द वर्ल्ड अ‍ॅट वॉर' (1973-74, 26 भाग, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए). एकेक भाग पाऊण तासाच्या थोडा वर, म्हणजे तुमच्या दीड तासात भाग आणि चर्चा दोन्ही बसतं. त्यात निर्णय घेणारी आणि भोगणारी माणसं स्वतः बोलतात, हिटलरचा मंत्री अल्बर्ट श्पेअरसुद्धा. ती माणसं आज हयात नाहीत, त्यामुळे याची जागा दुसरी मालिका घेऊच शकत नाही. श्पेअर मात्र स्वतःला सांभाळून बोलतो, हे मुलांना आधी सांगा. उणीवही मोठी आहे. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश ब्रिटन फोडत होतं हे जगाला नीट कळलं 1974 मध्ये, त्यामुळे अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या 10 व्या भागात ती बाजू नाही. तो भाग दाखवलात तर ब्लेचली पार्कबद्दल (हे संदेश फोडणारं ब्रिटिश केंद्र) दहा मिनिटं तुम्ही बोला.

प्रत घेताना जपा: 2010 मध्ये आलेल्या ब्ल्यू-रे आवृत्तीत रुंद पडद्यासाठी चित्र वरून-खालून कापलंय. 4:3 (रुंदी:उंची) चं चित्र 16:9 मध्ये भरलं की पाव चित्र जातं, आणि जातं ते बहुधा डोकं नाहीतर पाय. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसणारी प्रत बरोबर.

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी पीटर जॅक्सनचा 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' (2018). फिल्मचा वेग दुरुस्त केलाय, ओठ वाचणाऱ्यांकडून शब्द काढून घेतलेत, निवेदक नाही, जुन्या सैनिकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतीच ऐकू येतात. रंग मात्र नंतर भरलेले आहेत. युद्धाची कारणं, तारखा, लढायांची नावं यात मिळणार नाहीत, आणि सगळं पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिशांचं आहे. म्हणून याच्या जोडीला आपल्या माणसांचं तुम्हालाच सांगावं लागेल. मेसोपोटेमियात (आजचा इराक) कूटच्या वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' होती, त्यात मराठा पलटणी होत्या. 147 दिवस तग धरून 29 एप्रिल 1916 ला शरणागती पत्करली. कुठल्याही पहिल्या महायुद्धाच्या मालिकेत मेसोपोटेमियाला किती मिनिटं दिली हे मोजून बघा, तिची नजर कुठवर पोचते ते समजतं.

बोरीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मराठी उपशीर्षकं मी स्वतः लिहिली तर चालतील का? आणि छळछावण्यांचं या वयाला दाखवावं का?

मांजरा

नक्की लिहा. नोटपॅडमध्ये एसआरटी, म्हणजे उपशीर्षकांची, फाइल करा, जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा. नाहीतर देवनागरीच्या जागी कचरा दिसतो. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवलं की व्हीएलसी प्लेअर आपोआप उचलतो. अक्षरं आवाजाच्या पुढे पळत असतील तर एच, मागे पडत असतील तर जी दाबा, दर वेळी 50 मिलिसेकंद सरकतात. एका वेळी दोन ओळी, त्याहून जास्त नको, मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर साठ मुलांना पुरत नाही, वेगळा लावा. फाइल पेन ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे असू द्या.

कायद्याचंही बघा. शैक्षणिक संस्थेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरतं दाखवायला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. गावभर फलक लावून सगळ्यांना बोलावलं तर ती राहत नाही.

गोदातीर

छळछावण्यांवर 'द वर्ल्ड अ‍ॅट वॉर'चा 20 वा भाग आहे. आधी तुम्ही एकट्याने पूर्ण बघा, पालकांना कळवा, आणि मुलाला उठून जायची मोकळीक द्या. मात्र गाळू नका. तो गाळून युद्ध दाखवलं तर नुसते रणगाडे उरतात.

बालाघाट

हैदराबादबद्दल लिहितो. यावरचे बहुतेक व्हिडिओ भाषणबाजीचे आहेत, म्हणून कस लावूनच घ्या. तुमच्या गावाजवळचाच प्रसंग बघा ना. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याच्या सातव्या ब्रिगेडने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, मग नळदुर्ग घेतलं; पाठोपाठ रणगाड्यांची तुकडी सकाळी नऊला जळकोटला आणि दुपारी सव्वातीनला उमरग्याला पोचली. 17 ला युद्धबंदी, 18 ला निजामाचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. ज्या माहितीपटात बोरीचा पूल येतो त्याच्या लेखकाने कागदपत्रं चाळलेली असतात. तेव्हा आपल्याकडे स्टुअर्टसारखे रणगाडे होते. पडद्यावर टी-55 किंवा विजयंता दिसला तर ते दृश्य कित्येक वर्षं नंतरचं.

दुसरी कसोटी अवघड आहे, पण सोडू नका. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार यायलाच हवेत. त्याचबरोबर कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर जी हिंसा झाली, जिची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली, तीही यायला हवी. त्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. एकच बाजू सांगणारा व्हिडिओ असेल तर त्यातली पंधरा मिनिटं दाखवा आणि उरलेली बाजू तुम्ही मांडा. त्या शनिवारी पडद्याला कमी वेळ द्या. भिंतीवर सोलापूर-हैदराबाद रस्त्याचा नकाशा लावा आणि नळदुर्ग, जळकोट, उमरगा मुलांकडून त्यावर वेळेसकट भरून घ्या.