बाजूला ठेवलेली केस पुन्हा तारखेवर

नानाकाका: एक फॉरवर्ड आलाय. अमेरिकेत दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या केसेस उकरून काढताहेत आणि सरसकट हद्दपारी करताहेत म्हणे. मीनू, खरं का गं?

बेबीआत्या: अरे नाना, आमच्या अण्णाभाऊजींना परवाच पत्र आलंय! २०१२ मध्ये वकील म्हणाला होता, केस संपली, निवांत राहा. ते बिचारे निवांतच होते इतकी वर्षं.

मीनू (न्यू जर्सी): आत्या, पत्रावर ‘मोशन टु रिकॅलेंडर’ असं आहे का बघ.

बेबीआत्या: हो, हेच आहे.

मीनू: मग केस संपली नव्हती, बाजूला ठेवली होती. जून २०११ मध्ये आइसचे, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांना पकडून हद्दपार करणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, तेव्हाचे प्रमुख जॉन मॉर्टन यांनी मेमो काढला होता. गुन्हा नाही, बरीच वर्षं इथे राहतोय, मुलं इथली, अशा माणसामागे ताकद घालवू नका, असा त्याचा मथितार्थ. अण्णाकाका त्यात बसले. न्यायाधीशांनी फाइल तारखांच्या यादीतून काढली, बस एवढंच झालं. ग्रीन कार्ड मिळालं नाही आणि हद्दपारीचा खटलाही रद्द झाला नाही. आता सरकारी वकील म्हणताहेत, ती फाइल परत यादीत घ्या. २०२५ पासून अशी पत्रं बऱ्याच जणांना आली आहेत. पण काका, फाइल उघडणं वेगळं आणि निकाल लागणं वेगळं. फॉरवर्डमधलं ‘सरसकट’ सोडून द्या.

बंटी: पण मध्ये अण्णाकाकांनी केलं काय? साधी ट्रॅफिकची पावतीपण नसेल फाटली त्यांची.

मीनू: त्यांनी काहीच नाही केलं. बदललं ते वॉशिंग्टनमध्ये. इमिग्रेशन कोर्ट न्यायव्यवस्थेत येतच नाही, ते न्याय खात्याचं आहे. त्या खात्याचे प्रमुख, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, स्वतः एखादी केस हातात घेऊन सगळ्या न्यायाधीशांना बांधील असा निर्णय देऊ शकतात. २०१८ मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल सेशन्स यांनी सांगितलं, फायली अशा बाजूला ठेवायचा सर्वसाधारण अधिकार न्यायाधीशांना नाही. २०२१ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या गारलँड यांनी ते फिरवलं. २०२४ मध्ये त्याचा रीतसर नियम झाला. कोणाला आधी पकडायचं याचे मेमो तर त्याहून लहरी. २०१४ मध्ये एक आला, २०१७ मध्ये रद्द. २०२१ मध्ये तेव्हाचे अंतर्गत सुरक्षा मंत्री मायोर्कस यांनी नवा काढला, २०२२ मध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशांनी तो उडवला, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी सरकारची बाजू घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने तो पुन्हा मोडीत काढला. कायद्याची मूळ कलमं या सगळ्यात होती तिथेच आहेत.

नानाकाका: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. व्हिसाची मुदत संपल्यावर ते थांबले, हे खरंच आहे ना? सरकारने सवलत दिली होती, सरकारने काढून घेतली.

मीनू: काका, ते २०१२ मध्येही कोणी नाकारलं नव्हतं. पण एकाच माणसाच्या एकाच फाइलला दर चार वर्षांनी वेगळं उत्तर मिळत असेल, तर माणसाने संसार कशाच्या भरवशावर मांडायचा? आमच्या ऑफिसात लोक विचारतात, आमचं काय चुकलं. मी तिथे नुसत्या फायली सांभाळते, वकील नाही, पण मलाही उत्तर देता येत नाही.

बेबीआत्या: ते सगळं जाऊ दे गं. आता करायचं काय?

मीनू: आत्या, त्यांचा मुलगा २१चा झाला ना गेल्या वर्षी? आणि अण्णाकाका २००१ मध्ये व्हिसा घेऊन, विमानतळावर शिक्का मारून आले होते ना? मग २०१२ मध्ये नव्हती ती वाट आज आहे. २१ पूर्ण झालेला अमेरिकन नागरिक मुलगा वडिलांसाठी अर्ज करू शकतो, आणि कायदेशीर प्रवेश झालेला असेल तर मुदत उलटून गेलेली असली तरी देश न सोडता ग्रीन कार्ड मागता येतं. बाजूला पडलेल्या त्या फाइलने मुलगा मोठा होईपर्यंतचा वेळ मिळवून दिला. मंजुरी न्यायाधीशांच्या मर्जीवर असते, आणि मुलाची कमाई कमी पडत असेल तर खर्चाची हमी घेणारा इथलाच दुसरा स्पॉन्सर लागेल.

नानाकाका: त्यापेक्षा मानाने स्वतःहून परत यावं. इथे घर आहे, आम्ही आहोत.

मीनू: नको! काका, हे त्यांना चुकूनही सुचवू नका. वर्षाहून जास्त बेकायदा राहून जो बाहेर पडतो, त्याला दहा वर्षांची बंदी लागते, आणि ती लागते बाहेर पडल्यावरच. आत राहून जी वाट आहे ती विमानात बसल्याबरोबर बंद.

बंटी: कोर्टाच्या दारातच पकडतात त्याचं काय? त्यांच्या दुकानातल्या पोराला असंच नेलं ना?

मीनू: तो सीमेवरून तपासणीशिवाय आला होता, त्याची गोष्ट निराळी. मे २०२५ पासून सरकारी वकील स्वतःच कोर्टाला ‘केस काढून टाका’ म्हणू लागले. माणूस खूश होऊन बाहेर येतो आणि कॉरिडॉरमध्ये आइसवाले उभे, सुनावणीशिवायच्या झटपट हद्दपारीसाठी. वर सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन कोर्टांवरच्या अपील बोर्डाने ठरवलं की असं आत आलेल्यांना इमिग्रेशन न्यायाधीश जामीन देऊच शकत नाहीत. अनेक फेडरल न्यायाधीशांना हा अर्थ पटलेला नाही, त्यामुळे कोठडी कुठल्या जिल्ह्यात आहे यावर त्या पोराचं नशीब. अण्णाकाकांना तो निर्णय लागू नाही. धोका अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वकिलाला ऑनलाइन सुनावणी मागायला सांग, मिळेलच असं नाही.

बेबीआत्या: ते म्हणतात, तारखेला जातच नाही.

मीनू: मग गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघेल, आणि मुलाचा अर्ज पडेल कोपऱ्यात. गेल्या वर्षी घर बदललं ना त्यांनी? पत्ता बदलला की पाच कामकाजाच्या दिवसांत कोर्टाला फॉर्म द्यावा लागतो. दिला नसेल तर आजच भरू दे. आपल्या बाजूने लढायला सरकार फुकट वकील देत नाही या कोर्टात, म्हणून स्वतःचा वकील आधी गाठा. जुनाच नको, दुसरं मतही घ्या. आणि २००१ चा पासपोर्ट शोधा, प्रवेशाचा शिक्का आणि आय-९४, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीचं कार्ड, त्यातच असेल.

बेबीआत्या: आणि नसला तर?

मीनू: तर सरकारकडून नोंद मागवता येते, पण वेळ जातो. आधी कपाटं बघा.

बेबीआत्या: जाऊबाईंना आत्ताच फोन लावते. सापडला की इथे फोटो टाकते.

मीनू: ग्रुपवर नको आत्या! मला एकटीला पाठव.