सिट्रॉनिक्सच्या वाढीत सरकारी पैसा नेमका कुठे आला?

सिट्रॉनिक्स ही रशियन इलेक्ट्रॉनिक्स कंपनी निव्वळ सरकारी पैशावर वाढली, हे मत मला अपुरे वाटते. तिच्या मुळाशी मॉस्कोजवळच्या झेलेनोग्राडचा मिक्रॉन हा 1960च्या दशकात सुरू झालेला चिप कारखाना होता, आणि सोव्हिएत संघ कोसळून लष्करी मागणी आटल्यावर सिस्तेमा या खासगी उद्योगसमूहाने त्याला आपल्या पंखाखाली घेतले. एमटीएस ही मोबाइल कंपनीही याच समूहाची असल्यामुळे (आपल्याकडे काही वर्षे दिसलेले एमटीएसचे इंटरनेट डोंगल त्याच घराण्यातले) दूरसंचार सामग्री आणि बिलिंग सॉफ्टवेअरला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. 2006 मध्ये ग्रीसच्या इंट्राकॉम टेलिकॉमचा 51 टक्के हिस्सा विकत घेऊन कंपनीने पुढच्याच वर्षी लंडनच्या शेअर बाजारात भांडवल उभारले.

चिपनिर्मितीचे गणित मात्र वेगळे होते. तिथे 180 नॅनोमीटरचे (हा आकडा जितका लहान, तितकी चिपची रचना बारीक आणि प्रगत) तंत्रज्ञान एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या युरोपीय चिप कंपनीकडून घेतले गेले, आणि 90 नॅनोमीटरपर्यंत पोहोचण्यासाठी रुसनानो या सरकारी संस्थेचा हात धरावा लागला. मिक्रॉनच्या चिपा मॉस्को मेट्रोच्या कागदी तिकिटांतही बसल्या. प्रवासी ते तिकीट फाटकाच्या वाचकयंत्राला टेकवतो, तेव्हा त्यातील चिप बॅटरीविना, यंत्राच्या रेडिओलहरींतूनच ऊर्जा घेऊन उत्तर देते. असा मोठा आणि खात्रीचा खप मिळवणे ही माझ्या मते कंपनीची खरी कमाई होती. तिचे दुखणे पैशाचे कमी आणि परदेशी तंत्रावर विसंबण्याचे अधिक होते, त्यामुळेच मिक्रॉनवर 2022 मध्ये लादल्या गेलेल्या अमेरिकी निर्बंधांचा घाव नेमका तिथे बसतो.