बांध फुटला, धीर सुटला : इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

शाईचा_डाग:
इंग्रजीत एक कथा लिहितेय आणि एका वाक्यापाशी अडकलेय. बाईचा भाऊ गेलाय, सगळं तिनेच निभावलं, कुणापुढे रडली नाही, आणि शोकसभेत बोलायला उभी राहते तर दोन वाक्यं होतात न होतात तोच बांध फुटतो. 'शी लॉस्ट कंट्रोल' लिहिलं तर गाडी घसरल्यासारखं वाटतं. 'लॉस्ट हर टेम्पर' नको, ती चिडलेलीच नाहीये. 'लॉस्ट हर कम्पोझर' बरोबर आहे पण बातमीतलं वाटतं. डिक्शनरीत शब्द ढिगाने मिळतात हो, पण कुठला कुठे शोभतो ते कोण सांगणार?

रात्रपाळी:
'शी ब्रोक डाउन'. पुढे 'इन टिअर्स' नाही लिहिलं तरी रडणं त्यात आलंच. फक्त त्याचं नाम करू नका, 'शी हॅड अ ब्रेकडाउन' म्हटलं की प्रकरण एकदम गंभीर होतं, म्हणजे ती बराच काळ सावरली नाही, कदाचित उपचार चालू होते असं वाचणारा धरून चालतो. आणि 'नर्व्हस ब्रेकडाउन' कितीही डॉक्टरी वाटलं तरी ते बोलण्यातलं, आजाराचं अधिकृत नाव नाही.

उगाच_एक:
थेट ब्रेक डाउनवर कशाला उडी? आधी 'हर व्हॉइस क्रॅक्ड', मग 'शी चोक्ड अप' म्हणजे गळा दाटून आला, शब्द फुटेना, आणि मग बांध. पायऱ्या दाखवल्यात तर सीन जास्त लागेल. पण तो 'अप' विसरू नका हं!! नुसतं 'शी चोक्ड' म्हणजे घशात घास अडकला, नाहीतर खेळाडू ऐन मोक्याच्या क्षणी कच खातात ते.

पेन्सिलवाली:
आमच्याकडे भाषांतराला येणाऱ्या मजकुरात हल्ली जो तो 'मेल्टडाउन' लिहितो, मला भयंकर राग येतो त्याचा. मुळात तो अणुभट्टीतला शब्द, आतलं इंधन अति तापून वितळतं ते, 1979 च्या अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातामुळे सगळ्यांच्या कानावर पडला. माणसाबद्दल वापरला की त्यात थोडी चेष्टा येते, आदळआपट, आरडाओरडा, भर दुकानात हातपाय आपटणारं पोर वगैरे. शिवाय ऑटिझमच्या संदर्भात त्याला वेगळा आणि गंभीर अर्थ आहे, तिथे तो हट्ट नसतो, आवाज-उजेड-गर्दी सगळं मेंदूला असह्य होतं आणि ते स्वतःच्या हातात राहत नाही. तुमच्या बाईला तो अजिबात लावू नका.

'हिस्टेरिकल' पण टाळा. गर्भाशयाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, शतकानुशतकं बायकांच्या माथी मारला, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने 1980 च्या आवृत्तीत 'हिस्टेरिया' हे निदानच काढून टाकलं. रडणाऱ्या बाईला आज हा शब्द लावलात तर वाचक तिच्याकडे नाही, तुमच्याकडे बघेल.

आणि 'स्नॅप्ड' म्हणजे फटकन तुटून अंगावर येणं, 'फ्लू ऑफ द हँडल' सुद्धा रागाचंच, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून उडतं त्यावरून. ही दोन्ही बाजूला ठेवा.

रात्रपाळी:
'शी लॉस्ट इट' राहिलं की! तरुण मंडळी तेच म्हणतात.

पेन्सिलवाली:
म्हणतात, पण त्याचा अर्थ रडली, भडकली किंवा हसून लोळली यातलं काहीही होऊ शकतं. संवादात चालेल, निवेदनात नको.

शाईचा_डाग:
मस्त, 'व्हॉइस क्रॅक्ड' आणि मग 'ब्रोक डाउन' घेतेय. अजून एक, सभेनंतरचे काही आठवडे ती नुसती बसून असते, जेवणखाण नाही, फोन उचलत नाही, पार खचलीये. तिथे 'फेल अपार्ट' की 'वेंट टू पीसेस'?

उगाच_एक:
दोन्ही चालतील, पण मी 'फेल अपार्ट' घेईन. 'वेंट टू पीसेस' मला जरा जुन्या वळणाचं वाटतं, एखाद्या आजीच्या तोंडी घातलंत तर शोभेल.