लाकडी लाटण्यावरचा स्टिकरचा चिकटा: आधी तेल नको, असं माझं मत

शिसवी:
लाटणं घ्या, पोळपाट घ्या, उलथनं घ्या, किमतीचा स्टिकर थेट लाकडावर चिकटवलेला असतो. वरचा कागद कसाबसा निघतो, चिकटा तसाच राहतो. त्यावर पीठ आणि धूळ बसून चार दिवसांत काळा डाग होतो. उपाय विचारला की सगळीकडे एकच उत्तर मिळतं: खोबरेल तेल आणि खायचा सोडा. स्टीलच्या डब्याला किंवा काचेच्या बरणीला ते अगदी बरोबर आहे. पण कच्च्या, म्हणजे पॉलिश नसलेल्या लाकडावर सुरुवात तेलाने करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तेलाने चिकटा नाहीसा होत नाही. तेल त्यात मुरतं, चिकटा फुगून मऊ पडतो आणि त्याची पकड सुटते. स्टीलवरून तो लगदा पुसून जातो. लाकडाला मात्र रेषा असतात, बारीक छिद्रं असतात. मऊ झालेला चिकटा तेलाबरोबर त्यात उतरला की वर घासून काही उपयोग नाही.

म्हणून आधी कोरडे उपाय करावेत. चिकटपट्टीचा तुकडा चिकट्यावर दाबून बसवायचा आणि झटक्यात ओढायचा. जुना चिकटा नव्या पट्टीबरोबर बराचसा उचलला जातो. मग चिमूटभर कोरडी कणीक टाकून अंगठ्याने गोल गोल चोळायचं. राखाडी वळकट्या सुटायला लागतात, त्या झटकायच्या आणि परत चोळायचं. कडेला राहिलेलं जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच खरवडायचं. सुरी अजिबात नको, चरे पडतात.

देवरुखची सून:
मला हे पटत नाही. लाकडाला तेल लागतंच. आमच्याकडे नवी काथवट किंवा रवी आणली की आधी तेल चोळून मुरवतात, मगच वापरायला काढतात. म्हणजे जे तेल पुढे लावायचंच आहे, त्याला आज एवढं का घाबरायचं? आणि नुकत्याच लावलेल्या स्टिकरला कोरडं चोळणं ठीक आहे. दुकानात दोन उन्हाळे काढलेला स्टिकर कणकेने हलतसुद्धा नाही, अंगठा मात्र सोलवटतो.

चुकतं ते तेल ओतण्यात. बोटाच्या टोकाला लागेल एवढंच खोबरेल फक्त चिकट्यावर लावा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग सुती फडक्याने उचलून घ्या, पसरवू नका, प्रत्येक वेळी फडक्याची कोरडी बाजू. शेवटी कणीक भुरभुरून ठेवली की उरलेलं तेल ती ओढून घेते. खोबरेलच घ्या, ते लवकर खवट होत नाही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लाकडात राहिलं की पुढे त्याचाच चिकटपणा आणि वास येतो.

शिसवी:
काथवटीला तेल मुरवतात तेव्हा ती स्वच्छ असते. इथे तेलाबरोबर चिकटाही आत जातो, माझा आक्षेप तेवढ्यालाच आहे. बाकी खोबरेलाबद्दल आणि फडक्याची बाजू बदलण्याबद्दल एकमत.

सोड्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. सोडा चिकट्याला विरघळवत नाही, फक्त खरखरीतपणामुळे घासायला मदत करतो. ते काम कणीकही करते. शिवाय बाभळीसारख्या तुरट लाकडावर ओला सोडा लागला की तिथे काळपट डाग पडतो.

स्पिरिटवाला:
तेल-कणकेच्या भांडणात सर्वांत सोपी वस्तू राहून गेली. औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर, ७० टक्के अल्कोहोलवालं. कापसाच्या बोळ्यावर घ्या, चिकट्यावर मिनिटभर दाबून धरा, पुसा. अल्कोहोल उडून जातं, तेलासारखं लाकडात मुरून राहत नाही. जेल सॅनिटायझर नको, त्यातला घट्टपणा आणणारा पदार्थ मागे राहतो. गॅसजवळ करू नका, खिडकी उघडी ठेवा. नंतर पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

प्राजक्ता_डोंबिवली:
रॉकेल चालेल का? माझ्या सासूबाई तेच वापरायच्या.

स्पिरिटवाला:
चिकटा निघेल, पण पोळीला वास येईल. कच्चं लाकूड रॉकेल पितं. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्यात रंग आणि सुगंध असतो.

कातारकाम:
स्पिरिटवाल्यांना कळकळीने सांगतो, हा सल्ला सरसकट देऊ नका. रंगीत मुठीचं लाटणं असेल तर त्यावर लाख असू शकते. सावंतवाडीकडे किंवा कर्नाटकात चन्नपट्टणला लाकूड कातताना फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून त्यावर बसते. ही लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बोळा फिरवलात की चिकट्याबरोबर लाल-पिवळा रंग बोळ्यावर येईल आणि मुठीवर कायमचा पांढुरका चट्टा राहील. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही लाखेवर नको, कारण ती उष्णतेनेच मऊ होते. अशा मुठीला खोबरेलच योग्य. वर लाखेचा थर असल्यामुळे तेल आत शिरत नाही.

रंधा:
एवढा खटाटोप कशाला? ३२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, दोन हात मारा, झालं.

देवरुखची सून:
पोळपाटाच्या कडेला किंवा उलथन्याच्या दांड्याला मारा खुशाल. लाटण्याच्या पोटावर नाही. एकाच जागी घासलं की तिथे खोलगट होतं, आणि पोळी त्या पट्ट्यात जाड राहते. मग फुलका अर्धाच फुगतो. शिवाय चिकटा निघायच्या आधी पेपर मारला तर त्याचे दाणेच चिकट्याने भरतात, दोन हातांत पेपर गुळगुळीत होतो.

रंधा:
शेवटचं खरं आहे. चिकटा आधी काढा, पेपर नंतर. पाणी लागून लाकडाची कूस उभी राहते, ती बसवण्यासाठी पेपर उत्तम. पूर्ण वाळल्यावर, रेषांच्या दिशेने.

ग्राहक:
आपण सगळे उपाय शोधतोय, दुकानदाराला कुणी विचारत नाही. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार किंमत, उत्पादकाचं नाव हा मजकूर वेष्टनावर हवा. म्हणजे स्टिकर पिशवीवर लावता येतो. सुट्या वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधता येते. मी आता लाकडावर स्टिकर असलेली वस्तू घेत नाही आणि का घेत नाही ते गल्ल्यावर सांगतो.

शिसवी:
ग्राहक, हे अगदी बरोबर, मीही सांगायला लागेन. कातारकाम, लाखेची माहिती फार मोलाची आहे. रंगीत मुठीला तेलच, हे मान्य. पण जिथे पीठ आणि पोळी लागते ते लाटण्याचं पोट कच्चं असतं. तिथे आधी पट्टी, मग कणीक, नाहीच निघालं तर स्पिरिट. तेल त्यानंतर.

देवरुखची सून:
आणि मी म्हणते, पट्टीनंतर लगेच खोबरेल. पोळीला लागणाऱ्या जागेवर मी औषधाच्या दुकानातलं स्पिरिट लावणार नाही, उडून जात असलं तरी.