गूगल शोधामुळे मोठं झालं की दारात पैसे भरून?

तिरकस
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये न्याय खात्याने गूगलवर केस टाकली होती. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहतांनी निकाल दिला की सर्चमध्ये गूगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवायला त्यांनी कायदा मोडलाय. मग सगळे म्हणाले की आता क्रोम विकायला लावणार. सप्टेंबर २०२५ मध्ये उपायांचा, म्हणजे गूगलला आता काय करायला लावायचं त्याचा, निकाल आला आणि फुसका बार निघाला. क्रोम राहिलं, ॲपलला पैसे देणं पण चालू राहणार, फक्त "आमच्याशिवाय दुसरं कोणी ठेवायचं नाही" अशी अट घालता येणार नाही आणि काही डेटा स्पर्धकांना द्यायचा.

आता माझा प्रश्न. ब्राउझरमध्ये, फोनमध्ये आपलं सर्च आधीच लावून ठेवावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये २० अब्ज. ॲपलच्या सफारी ब्राउझरमधून जो सर्च होतो त्याच्या जाहिरातींच्या कमाईतले ३६ टक्के ॲपलला जातात, आणि हा आकडा गूगलच्याच बाजूच्या साक्षीदाराच्या तोंडून भर कोर्टात निघाला, तेव्हा त्यांच्या वकिलांचं काय झालं असेल बघा. माल एवढा भारी आहे आणि लोक आपण होऊन येतात, तर दारात उभं राहायला एवढं भाडं कशाला भरता? माझं मत, पहिली चारपाच वर्षं सोडली तर गूगलचा खरा धंदा शोधण्याचा नाहीच, दारं अडवण्याचा आहे.

जुना_मोडेम
"पहिली चारपाच वर्षं सोडली तर" हे भारी आहे. म्हणजे पाया सोडला तर इमारत बेकायदा.

तिरकसराव, तुम्ही तेव्हा नेटवर होतात का माहीत नाही, मी होतो. अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनात एखादा शब्द टाकला की तो शब्द ज्याने पानावर पन्नास वेळा लिहिलाय तो वर यायचा, आणि लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शब्द लपवून ठेवायचे, काय वाट्टेल ते वर यायचं. स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पोरांनी बघितलं काय, तर या पानाकडे दुसरी किती आणि कसली पानं बोट दाखवतात. ज्याच्याकडे वजनदार पानं बोट दाखवतात ते वजनदार. ऐकायला सोपं वाटतं, पण तोवर कोणी इतकं नीट करून दाखवलं नव्हतं. ऑगस्ट १९९८ मध्ये गुंतवणूकदार अँडी बेक्टोलशाइम यांनी १ लाख डॉलरचा चेक "गूगल इंक."च्या नावाने फाडला तेव्हा त्या नावाची कंपनीच नव्हती, चेक भरायचा तर आधी कंपनी काढा! ती काढली सप्टेंबरमध्ये, ऑफिस म्हणजे मेनलो पार्कमध्ये सुझन वोजिकींचं गॅरेज. १९९९ मध्ये एक्साइट या दुसऱ्या सर्च कंपनीला साडेसात लाख डॉलरच्या आसपास अख्खं गूगल मिळत होतं, त्यांनी नको म्हटलं.

या काळात गूगल कोणाला दारात पैसे देत होतं? उलट जून २००० मध्ये याहूने स्वतःच्या पानावर सर्चसाठी गूगलला बोलावून घेतलं. आणि एक गंमत, मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्चवर सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द "गूगल" आहे असं गूगलच्या वकिलांनी २०२१ मध्ये युरोपच्या कोर्टात सांगितलं होतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन लोक तुमचा पत्ता विचारतात, आता बोला.

बोरूबहाद्दर
+१ मोडेमकाका. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि १ जीबी जागा फुकट म्हणाले तेव्हा लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं कारण हॉटमेल २ एमबी देत होतं आणि दर आठवड्याला बसून मेल उडवायला लागायचे, मग नकाशे आले, मग यूट्यूब घेतलं २००६ मध्ये १.६५ अब्जाला तेव्हा सगळे म्हणाले वेडे झालेत हे मांजरांच्या व्हिडिओंना एवढे पैसे, आणि आता बघा, म्हणजे डोकं आहे हे मान्य करायला काय हरकत आहे कळत नाही, आपल्याकडे कोणी मोठं झालं की पहिली शंका हीच की नक्की काहीतरी केलं असणार.

ऋजुता_
मोडेम, शोधाबद्दल सगळं मान्य. पण धागा धंद्याबद्दल आहे आणि नुसत्या शोधातून एक छदाम येत नव्हता. पैसा जिथून आला ती कल्पना यांची नव्हती.

शब्दावर बोली लावा आणि क्लिक झालं तरच पैसे द्या, हे बिल ग्रॉस यांच्या गोटू कंपनीने १९९८ मध्ये सुरू केलं. पेज-ब्रिन तर उलट जाहिरातींच्या विरोधात होते, त्याच वर्षीच्या त्यांच्या संशोधन पेपरात लिहिलंय की जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच. (शहाणी पोरं होती.) ऑक्टोबर २००० मध्ये गूगलचं जाहिराती विकायचं ॲडवर्ड्स आलं, ३५० जाहिरातदारांवर. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यात क्लिकची बोली आली, आणि एप्रिलमध्ये गोटूवाल्यांनी, म्हणजे तोवर त्यांचं नाव ओव्हर्चर झालं होतं, पेटंटची केस ठोकली. पुढे ओव्हर्चर याहूने घेतली आणि ऑगस्ट २००४ मध्ये शेअर बाजारात उतरायच्या तोंडावर गूगलने याहूला २७ लाख शेअर देऊन ते मिटवलं.

तरी जिथे श्रेय आहे तिथे देते. जाहिरातींच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत म्हणून हे जरा हौसेने सांगते. समजा एका शब्दावर दोन जण आहेत. क ची बोली ४ डॉलर, पण त्याची जाहिरात शंभर जणांना दाखवली तर ३ जण क्लिक करतात. ख ची बोली २ डॉलर, क्लिक करतात ८. गोटूकडे क वर, विषय संपला. गूगलने गुणाकार केला: क चे १२, ख चे १६, म्हणून ख वर. आणि त्याच्याकडून २ नाही घ्यायचे, क ला हरवण्यापुरते घ्यायचे, म्हणजे १२ भागिले ८, दीड डॉलर. क ला ४ डॉलरने वर बसवला असता तरी शंभर जणांमागे १२ डॉलरच येणार होते, इथेही १२ च आले, पण तीनऐवजी आठ जणांना हवं ते मिळालं, ख खूष की स्वस्तात आठ गिऱ्हाइकं आली, आणि उद्या तोच बोली वाढवतो. हे सूत्र पुढे बरंच बदललं, गुंतागुंतीचं झालं, पण मला विचाराल तर पानांच्या क्रमवारीपेक्षा हा गुणाकार जास्त मोठा.

तिरकस
ऋजुताताई, हा गुणाकार पहिल्यांदाच नीट कळला, धन्यवाद.

बोरूबहाद्दर, फुकट कुठाय? २०२४ मध्ये अल्फाबेटची, म्हणजे गूगलच्या मूळ कंपनीची, कमाई ३५० अब्ज डॉलर, त्यातले २६४ अब्ज जाहिरातींचे. आणि ती जाहिरात ओळखू कशी येते ते पण बघा. आधी मागे फिकट रंगाचा पट्टा असायचा, लांबून कळायचं. २०१३ च्या सुमारास पट्टा गेला, छोटी पिवळी चिठ्ठी आली. २०१६ मध्ये चिठ्ठी हिरवी झाली, म्हणजे नेमकी खालच्या वेबपत्त्याच्या रंगाची. २०२० मध्ये नुसती काळी अक्षरं. एकेक पाऊल घेतलं तर कोणाला काही वाटत नाही, सगळी एकत्र ठेवली की हेतू दिसतो. पेपरात लिहिलेलं "झुकणारच" ते हेच.

कोर्टकचेरी
मेहतांचा २०२४ चा निकाल अडीचशेच्या वर पानांचा आहे, मी चिकाटीने वाचलाय, आणि तुम्ही दोघं त्यातलंच भांडताय. तिरकसच्या बाजूचं त्यात हे आहे: विंडोजवरच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीच लावलेलं असतं, आणि तिथे ८० टक्के सर्च बिंगवरच होतात. बदलायला दोन मिनिटं लागतात, लोक बदलत नाहीत. दुसरं, गूगलने २०२० मध्ये आतल्या आत तपासून बघितलं होतं की निकालांचा दर्जा बराच घसरवला तर काय होईल. उत्तर आलं, कमाईला धक्का लागणार नाही. हे माझ्या मते अख्ख्या केसमधलं सगळ्यात बोलकं पान.

मोडेमच्या बाजूचं: फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०१४ मध्ये अमेरिकेत गूगल काढून याहू लावलं. लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन परत गूगल लावलं, २०१७ मध्ये मोझिला गुपचूप परत आली.

आणि गंमत म्हणजे मोझिलाचं पोट बहुतेक या गूगलच्या पैशावरच भरतं. पैसे पूर्ण बंद केले असते तर गूगलच्या आधी फायरफॉक्स मेलं असतं. न्यायाधीशांनी पैसे का बंद केले नाहीत ते यातून कळतं, फुसका बार वगैरे बोलायला सोपं आहे.

जुना_मोडेम
बघा. वाईट माल लावला तर लोक हलतात.

तिरकस
वाईट असला तर हलतात. जवळपास सारखा असला तर? माझ्या वडिलांना ब्राउझर म्हणजे काय विचारा, ते म्हणतील ते गोल रंगीत चिन्ह. सर्च इंजिन म्हणजे काय विचारा, परत तेच चिन्ह दाखवतील. त्यांनी गूगल "निवडलं" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ऋजुता_
विषयांतर होईल, पण मला गूगलवरची दुसरी, जाहिरातींच्या बाजाराची केस जास्त गंभीर वाटते. २००७ मध्ये गूगलने ३.१ अब्ज डॉलरला डबलक्लिक ही वेबसाइटवरच्या जाहिरातींची कंपनी घ्यायचं ठरवलं. त्यानंतर वेबसाइटची जागा विकणारं यंत्र त्यांचं, जाहिरातदाराकडून बोली लावणारं यंत्र त्यांचं आणि मधला बाजारही त्यांचाच. घराचा विकणारा दलाल, घेणारा दलाल आणि रजिस्ट्रार एकाच घरचे असावेत तसं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमांनी यातल्या दोन ठिकाणी, म्हणजे विकणाऱ्यांचं यंत्र आणि मधला बाजार, बेकायदा मक्तेदारी आहे असं म्हटलं. सर्चमध्ये निदान "लोकांना आवडतं" म्हणता येतं. इथे लोकांना हा बाजार आहे हेच ठाऊक नाही, आवडणार काय!

बोरूबहाद्दर
हे मात्र माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा ताई.

जुना_मोडेम
ब्रिंकेमांच्या निकालावर मी वाद घालणार नाही, ते चुकलंच. पण तिरकस, मूळ मुद्द्यावर एक सांगा. नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. ते ना कुठल्या फोनमध्ये आधीपासून होतं ना कुठल्या ब्राउझरमध्ये, लोक आपल्या पायांनी गेले. दारं सगळी अडवलेली होती ना? मग हे कुठून शिरले?

तिरकस
हा बोचला, खरंच. सर्चमध्ये वीस वर्षं कोणी शिरू शकलं नाही आणि यांनी सर्च न करताच शिरून दाखवलं. मेहतांनी पण उपाय ठरवताना हे लक्षात घेतलंय.

पण एवढं बघा. याच उपायांच्या सुनावणीत, एप्रिल २०२५ मध्ये, कोर्टात आलं की जेमिनाय हे आपलं एआय फोनमध्ये आधीच टाकून द्यावं म्हणून गूगल जानेवारीपासून सॅमसंगला दर महिन्याला पैसे देतंय. केस हरून सहा महिने पण झाले नव्हते. सवय बघा ना.

कोर्टकचेरी
म्हणूनच नव्या बंधनात जेमिनाय पण घातलंय. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मेहतांनी हे करार एकेका वर्षाचेच करायला सांगितले.

जुना_मोडेम
एकेका वर्षाचे? म्हणजे ॲपल आता दरवर्षी नव्याने भाव सांगणार. शिक्षा नक्की कोणाला झाली म्हणे?

तिरकस
हो, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.