फोर्स इंडियाची गाडी पैशाअभावी नेमकी कुठे अडत होती?

पिटलेन
फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतली फोर्स इंडिया 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे संघांच्या क्रमवारीत चौथी आली आणि जुलै 2018 मध्ये, हंगेरीची शर्यत तोंडावर असताना, प्रशासकाच्या (देणी थकलेल्या कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात गेली. ज्या संघाला देणी भागवता येत नव्हती, त्याची गाडी इतकी वेगवान कशी? पैशाची चणचण गाडीत नेमकी कोठे दिसते, हे जाणकारांनी सांगावे.

तिसरा गिअर
ती आधी वेळापत्रकात दिसते, वेगात नंतर. 2015 मध्ये हेरेस येथील पहिल्या चाचणीला हा संघ गेलाच नाही आणि बार्सेलोनातील पुढच्या चाचणीत त्याने 2014 चीच गाडी चालवली. त्या गाडीची सुधारित आवृत्ती थेट जुलैमध्ये, सिल्व्हरस्टोनला उतरली. तरीही संघ वर्षअखेर पाचवा आला, म्हणजे आराखड्यात खोट नव्हती. विंड टनेलमध्ये (गाडीवर वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) सापडलेली सुधारणा साचे आणि कार्बन फायबरचे भाग तयार झाल्याखेरीज गाडीवर बसत नाही, आणि पुरवठादाराचे बिल थकले की तीच सुधारणा दोन-तीन शर्यती उशिरा येते, तोवर इतरांच्या गाड्या पुढे सरकलेल्या असतात. इंजिन व गिअरबॉक्स मर्सिडीजकडून विकत घेतल्यामुळे उरलेला पैसा आणि माणसे वायुगतिकीवर, म्हणजे गाडीभोवती हवा कशी वाहते यावर, लावता आली, हे त्या चौथ्या क्रमांकाचे मोठे कारण मला वाटते.

साशंक
पैशाला इतके श्रेय देऊ नये. टोयोटाने 2002 ते 2009 या काळात हात सैल सोडून खर्च केला आणि 139 शर्यतींत एकही विजय मिळवला नाही.

तिसरा गिअर
मान्य, पण टोयोटाला सुट्या भागांची वाट पाहावी लागली नाही. 2024 मध्ये मेलबर्नच्या शर्यतीला विल्यम्स संघाकडे तिसरी चॅसिसच (गाडीचा सांगाडा) तयार नव्हती. सरावात त्यांचा चालक आल्बन याची गाडी मोडली, तेव्हा त्याला दुसरा चालक सार्जंट याची गाडी देण्यात आली आणि सार्जंट शर्यतीला मुकला. 2021 पासून प्रत्येक संघाला वर्षाला 14.5 कोटी डॉलरची खर्चमर्यादा आली, 2022 आणि 2023 मध्ये तिचा मूळ आकडा आणखी खाली आणला गेला. मात्र मर्यादा म्हणजे खर्चाचे छत आहे, तेवढा पैसा हाती असण्याची हमी नव्हे. शिवाय पूर्वी उभारलेले कारखाने आणि यंत्रसामग्री श्रीमंत संघांकडे आधीपासूनच आहेत.

पिटलेन
आता उलगडा होतो आहे. नव्या मालकांनी संघ विकत घेतला, तेव्हा तो नवा प्रवेश ठरल्यामुळे आधीचे 59 गुण गेले. तरीही पुढच्याच बेल्जियमच्या शर्यतीत संघाचे चालक ओकॉन तिसऱ्या आणि पेरेझ चौथ्या स्थानावरून सुटले आणि शेवटी पेरेझ पाचवा, ओकॉन सहावा आला. मालक बदलले होते, गाडी तीच होती.

साशंक
सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत पाऊस पडला होता, हेही त्यात धरावे.